बिनचावीची जीप

तमाम नागरिकांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, सुपा एमआयडीसीच्या मागच्या अंगाला, मुरमाच्या उतारावर आमची जी वसाहत आहे, तिथे काही काळापूर्वीपर्यंत एक जीप उभी असे. तिला दार नव्हतं. चावी नव्हती. चावीसाठी भोकसुद्धा नव्हतं. सदर जीप चालू करायची तर घराच्या दारावर असते तसली बेल दाबावी लागे, आणि बेल दाबली की आतून कोणी ‘कोण आहे?’ असं न विचारता थेट इंजिन घुरघुरू लागे. ज्यांना हे खोटं वाटत असेल त्यांनी पुढे वाचू नये. ज्यांना खरं वाटत असेल त्यांनीही जरा जपूनच वाचावं, कारण ही हकिगत मी नेहमी हातवारे करत सुरू करतो आणि मध्येच कुठेतरी माझी मान खाली जाते.

जीप सुखदेव नजनची. आम्ही एकाच कारखान्यात. तो मेंटेनन्सला, मी पर्चेसला. राहायलाही भिंतीला भिंत. तो मूळचा शनिशिंगणापूरचा. तिथल्या घरांना दारं नाहीत हे बघायला लोक कुठून कुठून येतात. सुखदेवला मात्र उलट दारं बघून नवल वाटायचं. खोली घेतली त्या दिवशी मालकाने त्याच्या हातावर कुलूप-किल्ली ठेवली. सुखदेवने कुलूप खिडकीत पेपरवर ठेवलं, वाऱ्याने उडू नये म्हणून. त्यानंतर त्या कुलपाला दुसरं काम मिळालं नाही.

“अरे, दाराला लाव की,” मी म्हणालो.

“कुलकर्णीसाहेब, कुलूप लावायचं म्हंजी शेजाऱ्याला तोंड न उघडता शिवी द्यायची. माझे शेजारी तुमी. आता तुमालाच कशी देऊ?”

त्याची बायको, मंदावहिनी, राहुरीची. म्हणजे दारांच्या मुलखातली. आतून कडी लावायची तिची सवय काही गेली नाही. त्यामुळे सेकंड शिफ्ट करून आलेला सुखदेव पुष्कळदा सकाळी ओट्यावर झोपलेला सापडायचा. उठवलं की म्हणायचा, “शिवी बसली मला. घरच्याच मानसाची.”

जीप आली ती ट्रॅक्टरला बांधून. लष्कराच्या लिलावातून भंगारवाल्याकडे आणि भंगारवाल्याकडून याच्याकडे. आली शुक्रवारी, कारण शनिवारी लोखंड विकत घ्यायचं नाही. हा नियम त्याने शेवटपर्यंत पाळला. शुक्रवारी संध्याकाळी नट-बोल्ट, पत्रा, अँगल, जे काय लागेल ते आणून ठेवायचं आणि शनिवारी ठोकत बसायचं. एकदा शनिवारी दुपारी त्याला एकच वॉशर कमी पडला. माणूस दुसऱ्या दिवसापर्यंत बोल्ट हाताने धरून बसला नाही एवढंच.

त्या सांगाड्याचं त्याने काय केलं ते सांगताना मला अजूनही उभं राहून सांगावंसं वाटतं. ओढ्यातून जाताना इंजिनात पाणी शिरू नये म्हणून हवा वरून घेणारी नळी लागते. ती त्याने शेतातल्या पाइपलाइनच्या पाइपाची केली आणि टपाच्या वर काढली. लांबून बघणाऱ्याला वाटे, जीपमध्ये चूल पेटवली आहे. चिखलात अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र त्याने विहीर खोदायच्या जुन्या यारीपासून बनवलं आणि पुढच्या बंपरवर बसवलं. टपावर ओळीने दिवे. आणि डॅशबोर्डच्या जागी घरात असतो तसा लाकडी स्विचबोर्ड! पहिला खटका खाली केला की करंट येणार, दुसऱ्याला हेडलाइट, तिसऱ्याला टपावरचे दिवे, आणि कडेला ते बेलचं पांढरं बटण. पंख्याचा रेग्युलेटरही होता. तो त्याने वायपरला जोडून पाहिला, वायपर ढिम्म हलला नाही. पण बोर्डाला भोक पाडून झालं होतं, म्हणून रेग्युलेटर तसाच ठेवला. नवा माणूस शेजारी बसला की तो फिरवत राहायचा, आणि सुखदेव त्याला गंभीरपणे विचारायचा, “आता लागतंय का वारं?”

वायरिंग मात्र एकजात काळं. लाल नाही, पिवळी नाही, हिरवी नाही. इकडून तिकडे नुसत्या काळ्या वायरी, जणू बोर्डामागे कोणी वेणी घालून ठेवली होती.

“अरे, कुठली कशाची कसं कळणार?”

“आमच्या देवाला काळंच लागतं,” तो म्हणाला. “आन् मला कळतं की.”

त्याला कळत होतं, पण जीपला कळत नव्हतं. पहिल्या दिवशी ब्रेक दाबला की हॉर्न वाजायचा आणि हॉर्न दाबला की डावा दिवा लुकलुकायचा. वसाहतीच्या उतारावरून तो पहिल्यांदा खाली गेला तेव्हा अख्खा उतारभर हॉर्न वाजत गेला आणि गाई दावणीला उभ्या राहिल्या. मग त्याने प्रत्येक वायरीला गाठी मारल्या. कुणाला एक, कुणाला दोन. पाठीवर झोपून, डोळे मिटून तो बोटांनी गाठी चाचपायचा.

आणि ही जीप सगळ्यांची होती. तसं त्याने जाहीर केलेलं नव्हतं, आपोआप झालं. कोणाला दळण न्यायचं असो, कोणाचं पोर आजारी असो, जायचं, खटका पाडायचा, बेल दाबायची आणि निघायचं. विचारायचं नाही. विचारलं तर तो खरोखर चिडायचा. “मी काय मालक हाय का तिचा? मी फक्त तिची वायरिंग केली.” अट एकच: परत आणून लावताना तोंड उताराकडे करायचं, म्हणजे बॅटरी बसली तरी ढकलून चालू होईल. समोरच्या खोलीत खानावळ चालवणाऱ्या अंजनाबाई तर गाडी चालवायला याच जीपवर शिकल्या. आठवड्याच्या बाजारातून पदर कमरेला खोचून, मागे मेथीच्या जुड्या रचून त्या चढ चढून येत, तेव्हा त्यांचे यजमान पोपटराव दुधाची किटली बाजूला ठेवून कौतुकाने बघत राहत.

एकदा सुखदेवने आम्हा दोघा नवरा-बायकोला भंडारदऱ्याला नेलं. धरणाच्या वरच्या बाजूला कच्च्या रस्त्यावर जीप उभी केली आणि म्हणाला, चला, चालत फिरू. माझ्या बायकोची पर्स सीटवर. मी म्हटलं, पर्स घेऊ या. सुखदेवने माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट चालू लागलो. धबधबा कसा होता ते मला विचारू नका. मी सगळा वेळ पर्सच बघत होतो. परत आलो तर पर्स जागच्या जागी, पण आणलेले पेरू गायब, आणि स्विचबोर्डावर एक माकड रेग्युलेटर फिरवत बसलेलं.

“बघा, पर्शीला हात न्हाई लावला,” सुखदेव म्हणाला.

“आणि पेरू?”

“माकडाला शनी लागत न्हाई हो. त्यांचा देव येगळा.”

असं चाललं होतं. मग एका शनिवारी, भर दुपारी, जीप गेली.

आधी कोणाला काही वाटलंच नाही. कोणीतरी नेली असेल, येईल. दिवेलागणीला एकेक घर विचारून झालं तेव्हा कळलं की आपल्यातल्या कोणीच नेलेली नाही. सुखदेव ओट्यावर बसून म्हणत राहिला, “कुनाला तरी लई घाई असंल.” दुसऱ्या दिवशी मी त्याला ओढत पोलिसांकडे घेऊन गेलो. तिथला संवाद मी पुढे कँटीनमध्ये पुष्कळदा करून दाखवला आहे.

“चावी कुठंय?” हवालदार.

“न्हाई.”

“हरवली?”

“नव्हतीच.”

“बरं. दार तोडलं का काच फोडली?”

“दारं नव्हती. दारच न्हाई, तर दाराची काच कुठली?”

हवालदाराने पेन खाली ठेवलं. “मग आता चोरानं गुन्हा काय केला ते तुमीच सांगा.”

जीप पारनेरच्या पुढे एका माळावर सापडली. पेट्रोल संपलं तिथे सोडून दिलेली. टपावरचे दिवे नाहीत, स्टेपनी नाही, ती यारीसुद्धा बंपरपासून कापून नेलेली. आणि आम्ही काय केलं? आम्ही हसलो. असं हसं करायची संधी सुप्यात वारंवार येत नाही. आमच्यातला बबन पहिला. चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर म्हणाला, “का रं सुखदेवा, तुमच्या शनीची हद्द कुठवर हाय? नगरच्या बायपासला संपती व्हय?”

सुखदेवही हसला. “त्यो हळूच चालतो, बबन. पोचंल.”

टपरी दणाणली. पण त्यानंतर जो तो त्याला दिसेल तिथे विचारू लागला, पोचला का रे? कुठपर्यंत आला? घोडेगावला आला का? गाडी मिळाली नसंल त्याला, तुझी जीप पाठव! कारखान्याच्या बसमध्ये, जेवणाच्या रांगेत, पार आमच्या बायकांच्या हळदीकुंकवात. मंदावहिनी आमच्याकडे येऊन रडल्या. सुखदेव मात्र हसत राहिला, आणि मला वाटलं, त्याला लागत नाही. अंगाला तेल लावल्यासारखा माणूस, सगळं ओघळून जातं.

जीप दुरुस्तीला बरेच दिवस लागले. परत आली तेव्हा बेल होती, बोर्ड होता, चावी नव्हती. सगळं पहिल्यासारखं. फक्त एक नवीन होतं. सकाळी कारखान्याच्या बसला जाण्याआधी सुखदेव जीपपाशी यायचा, वाकायचा, ड्रायव्हरच्या सीटखाली आत हात घालायचा आणि तोच हात कपाळाला लावायचा. घरी आला की पुन्हा तसंच. आम्हाला वाटलं, गेलेली गाडी परत मिळाली, माणूस तिच्या पाया पडतोय. अंजनाबाईंना तर भरूनच आलं. “बघा,” त्या मला म्हणाल्या, “चोरानं एवढं केलं तरी भाऊंची श्रद्धा हलली न्हाई.”

त्याच आठवड्यातली दुपार. माझी सुट्टी होती. पोपटराव मागच्या बांधाला गवत कापत होते. त्यांची आरोळी ऐकू आली. धावत गेलो तर उजवा हात धरून बसलेले, आणि गवतात जाडजूड घोणस सरकत चाललेली. वसाहतीतले पुरुष शिफ्टला, मोटारसायकली कारखान्यात. ॲम्ब्युलन्सला फोन केला. निघते म्हणाले, पण लांबून यायची होती. अंजनाबाई धावल्या, जीपमध्ये चढल्या, खटका पाडला, बेल दाबली.

काही नाही.

पुन्हा दाबली. दाबत राहिल्या. दिवा लावून पाहिला, हॉर्न दाबला, सगळं मुकं. “बॅटरी बसली!” मी ओरडलो. बोर्ड उघडला तर आत ती काळी वेणी. कुठली कशाची, देवाला माहीत. सुखदेवला फोन लावला. पण कारखान्यात मोबाइल गेटवर जमा करतात, तो गेटवरच वाजत राहिला. मग म्हातारेकोतारे, बाया, पोरं सगळ्यांनी मिळून जीप उतारावर ढकलली. अंजनाबाई स्टिअरिंगवर. गिअर टाकला, जीप हिसका मारून थरथरली, पण इंजिनाने एकदाही आवाज केला नाही. खाली ओढ्याच्या फरशीपुलावर जाऊन ती गप उभी राहिली. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून अंजनाबाई बसूनच राहिल्या होत्या. त्यांना हाताला धरून उतरवावं लागलं.

शेवटी पोपटरावांना चादरीच्या झोळीत घालून हायवेपर्यंत नेलं. त्यांचा हात तोवर कोपरापर्यंत सुजला होता. कांद्याचा एक टेम्पो थांबला.

पोपटराव वाचले. उजव्या हाताची दोन बोटं मात्र काढावी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी वसाहत ओढ्यावर. जीप अजून फरशीवरच होती. जो तो सांगत होता, जुनी गाडी, बॅटरीनेच दगा दिला, कोण काय करणार. कोणीही सुखदेवकडे बोट दाखवत नव्हतं. तो गप्प राहिला असता तर आजतागायत कोणाला काही कळलं नसतं. नवी बॅटरी आणली असती, संपलं असतं. बबनने तर बॅटरी कोणती घ्यावी यावर बोलायला सुरुवातही केली होती.

सुखदेव रात्रभर नगरला दवाखान्यात थांबून आला होता. तो गर्दीतून जीपजवळ गेला. वाकला. सीटखाली हात घातला. आम्ही सगळे अगदी जवळ उभे होतो, म्हणून या वेळी ‘खट्’ असा आवाज ऐकू आला. हात बाहेर काढला. कपाळाला लावला नाही. उभ्या उभ्याच खटका पाडून बेल दाबली, आणि जीप एका दमात चालू झाली.

“बॅटरी चांगली हुती,” तो म्हणाला. “मीच बंद करून गेल्तो.”

इंजिन घुरघुरत राहिलं. अंजनाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग पदराला हात पुसले, पुसायला काही नव्हतं तरी, आणि चढ चढून घरी गेल्या. मी बबनकडे पाहिलं. तो ओढ्यातलं पाणी बघत होता. त्या शिंगणापूरच्या माणसाकडून कुलूप लावून घेतलं कोणी, हे तिथे प्रत्येकाला कळत होतं, आणि म्हणून कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

पोपटरावांनाही त्याने स्वतःच सांगितलं. मी बरोबर होतो. पोपटराव औषधाच्या गुंगीत होते, ओळखीचा चेहरा बघून म्हणाले, “आला का सुखदेव? चोर सापडला का रं तुझा?”

“सापडला,” सुखदेव म्हणाला, आणि स्टुलावर बसून सगळं सांगितलं. सीटखालचा खटका, आणि तो लपवायला केलेला नमस्कारसुद्धा. पोपटरावांचे डोळे मिटलेले होते. ऐकलं की नाही, कळलं नाही. डॉक्टरांना तो पुन्हा पुन्हा विचारायचा, “आधी आनलं असतं तर बोटं ऱ्हायली असती का?” डॉक्टर म्हणायचे, “सांगता येत नाही.” हो म्हणाले असते तरी एक वेळ बरं होतं.

त्या शनिवारी त्याने सीटखालचा खटका काढला. एवढंच नाही, सगळं काळं वायरिंग उपटून काढलं आणि नवीन घातलं. लाल, पिवळं, हिरवं, निळं. बोर्डाचं मागचं झाकण काढून टाकून आतली बाजू सगळ्यांना दिसेल अशी उघडी ठेवली. पोरांना बोलावून दाखवलं, ही हॉर्नची, ती दिव्याची. जीप पुन्हा उताराकडे तोंड करून उभी राहिली.

पण आता लोक विचारू लागले.

“भाऊ, जीप नेऊ का जरा?” “सुखदेव, गाडी मोकळी आहे का?” “तुम्हाला लागणार नसेल तर...” सगळे अगदी अदबीने विचारत. कोणाच्या मनात टोमणा नव्हता, आणि हेच वाईट होतं. दर वेळी तो “न्या की, न्या की” म्हणत उठायचा आणि दर वेळी त्याचा चेहरा कोणी थोबाडीत मारल्यासारखा व्हायचा. त्या बिनदाराच्या जीपला आम्ही सगळ्यांनी मिळून दार बसवलं होतं, आणि ते काढायचं हत्यार त्याच्या पेटीत नव्हतं. मीही विचारायचो. विचारायचं नाही असं ठरवून जायचो आणि तोंडातून निघून जायचं. अंजनाबाई विचारतही नव्हत्या. त्या बाजाराला रिक्षाने जात.

पोपटराव घरी आले. ड्रेसिंगला सुखदेव न्यायचा, आणायचा. दोघं जाताना-येताना काही बोलत नसत असं मंदावहिनी सांगायच्या.

मग त्याने नोकरी सोडली. आईला दिसत नाही, शेती बघायला कोणी नाही, असं कारण सांगितलं. कारण खरं होतं, पण आईला दिसत नव्हतं ते काही त्याच महिन्यात नाही. आम्ही कोणीही थांब म्हणालो नाही. कोणत्या तोंडाने म्हणणार?

निघायच्या सकाळी जीपमध्ये सगळं भरलं: गाद्या, भांडी, गॅसची शेगडी, मंदावहिनींची शिलाई मशीन, मशिनीवर बांधलेली तुळशीची कुंडी. आमच्याकडे शेवटचा चहा. सुखदेव ओट्यावर बसून बशीत चहा ओतत होता. आम्ही सगळे भोवती, नको तितकी हवापाण्याची चर्चा करत. समोरून पोपटराव बाहेर आले, दोन्ही हातांत दुधाच्या किटल्या. रस्त्याकडे बघितलं, आपल्या पंक्चर झालेल्या सायकलीकडे बघितलं, “दूध नासंल की,” असं स्वतःशीच पुटपुटले. मग सरळ जीपकडे गेले. किटल्या गाद्यांवर ठेवल्या. चढून बसले. उरलेल्या बोटांनी खटका पाडला, अंगठ्याने बेल दाबली, आणि आमच्यापैकी कोणाकडेही न बघता, कोणाला एका शब्दाने न विचारता, तुळशीसकट उतारावरून खाली निघून गेले.

सुखदेवच्या हातातली बशी तिरकी झाली. चहा सगळा पायावर. तो उठला नाही, हाक मारली नाही. फक्त खांद्यावरचा टॉवेल ओढून तोंडाला लावला आणि त्याचे खांदे हलू लागले. मंदावहिनी आतून कप विसळून हात पुसत बाहेर आल्या, रिकामा उतार पाहिला, नवऱ्याकडे पाहिलं, आणि ओरडल्या:

“आवो, रडताय काय बसून! पळा की मागं, आख्खा संसार घेऊन गेला न् त्यो आपला!”